छतातला बेचैन कान

मित्रांनो, शर्टाच्या बटणाएवढा मी, एका जुन्या गाडीच्या छतातला मायक्रोफोन. कापडाच्या टाचणीएवढ्या भोकांमागे बसून नऊ वर्षं ऐकतो आहे. स्वस्थ बसणं मला ठाऊकच नाही. गाडी सुरू झाली की इंजिनाची घरघर पकडायची, छोट्या कॉम्प्युटरला कळवायची, पुन्हा कान लावायचा. तेही सेकंदाला हजारो वेळा! तुम्हाला गृहपाठ एकदा करायचाही कंटाळा येतो.

घरघरीची लाट वर चढली की कॉम्प्युटर स्पीकरमधून तेवढीच खाली उतरणारी लाट सोडतो. दोघी एकमेकींत विरतात. माणसांच्या बोलण्याला आम्ही हात लावत नाही. पण घरघर किती उरली, हे सांगायला मीच लागतो. कौतुक मात्र स्पीकरचं!

ही गाडी चालवणाऱ्या आमच्या बाई शाळेत गणित शिकवतात. त्यांच्या बाबांचे कान चाळीस वर्षांच्या छापखान्याने खाल्ले. घरात पंखा, मिक्सर, टीव्ही. बाबा तिथे मुकाट बसत. पण गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात जाताना, या शांत गाडीत, त्यांच्या तोंडाला खळ नसे. त्या वेळी मला फार धन्य वाटायचं.

मग छताचं कापड लोंबायला लागलं. सीट-कव्हरवाले कारागीर कामात भारी सफाईदार. "एक सुरकुती सापडली तर नाव बदलीन," म्हणाले, आणि जाड अस्तराचं नवं कापड असं ताणून चिकटवलं की माझी भोकंही गडप झाली. मी बहिरा झालो. भलतंसलतं कळवू लागलो. कॉम्प्युटर भलत्याच लाटा सोडू लागला आणि घरघर विरायची सोडून दुप्पट झाली. बाईंना वाटलं, गाडीचं वय झालं. मी आत नुसता तडफडत होतो.

एका सकाळी दवाखान्याच्या वाटेवर बाई म्हणाल्या, "बाबा, दुसऱ्या गावच्या शाळेत बोलावलंय मला. उद्या कळवायचंय. तुम्ही इथेच माझ्या काकाकडे राहाल का?"

अस्तरातून ते माझ्यापर्यंत कसंबसं पोचलं. त्यांना 'नाही' ऐकायचं होतं, हे आवाजावरून कळत होतं.

"हो हो," बाबा हसून म्हणाले.

बाई पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. बाबांना व्यायामाला सोडून त्यांनी गाडी शेजारच्या गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने आमच्या यंत्रणेचा फ्यूज काढला, तर घरघर चक्क कमी झाली! त्याने छतावरून बोटं फिरवली.

"ताई, याच्या कानात बोळा कोणी घातला?" म्हणत त्याने ब्लेडने कापड कापलं. मला हवा लागली. फ्यूज परत बसला, आणि मी अधाशासारखा कामाला लागलो.

परतताना गाडी शांत होती. बाबांनीच विचारलं, "सकाळपासून गप्प का गं?"

"तुम्ही काकाकडे राहायला तयार झालात म्हणून."

"मी? कधी?"

"सकाळी विचारलं, तर हो म्हणालात."

बाबा खिडकीकडे वळून म्हणाले, "अगं, हल्ली मी सगळ्यालाच हो म्हणतो. ऐकू आलं नाही, ऐकू आलं नाही, असं किती वेळा सांगू? लाज वाटते."

बाईंनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद झालं. मला काही काम उरलं नाही, तरी माझा जीव टांगणीला लागला होता.

"मग आता विचारते," त्या म्हणाल्या. "माझ्याबरोबर याल?"

"येईन की. तुला सोडून कुठे जाऊ?"

मित्रांनो, माझ्या भोकांवर काही चिकटवू नका, एवढं मागणं आहेच. पण तुमच्या घरात कोणी प्रत्येक गोष्टीला हसून "हो हो" म्हणत असेल, तर आधी तो पंखा बंद करा, जवळ बसा, आणि पुन्हा एकदा विचारा.