तान्याच्या नावाची पाटी

"सरळ ठोक रे, पास्कल! वाकडी पाटी बघून लोक म्हणतील, बाईसुद्धा वाकडीच!"

हा आयव्हीचा आवाज. जगात आल्यावर पहिल्यांदा कानी पडला तो हाच. फेब्रुवारी महिना, कॅनडातल्या व्हिटबीचं गोठलेलं अंगण, आणि तिचा नवरा पास्कल पातेल्यातलं गरम पाणी ओतून माझ्या तारेच्या पायांसाठी जमीन मऊ करतोय. एवढं कौतुक कुणाच्या पायांचं झालं असेल?

मित्रांनो, मी एक जुनी निवडणुकीची पाटी आहे. अंग प्लॅस्टिकचं, पाय तारेचे, आणि कपाळावर मोठ्या अक्षरांत एकच नाव, तान्या. तान्या म्हणजे आयव्हीची धाकटी बहीण, वसईची पोर. प्रांताच्या विधानसभेची एक जागा रिकामी झाली होती, त्या पोटनिवडणुकीला ती उभी होती.

ती कशासाठी उभी होती, ते आधी ऐका. आयव्ही वसईला अकरा वर्षं नर्स होती. इथे तिचे कागद कुणी मानेनात. वृद्धाश्रमात ती मदतनीस म्हणून म्हाताऱ्यांना उचलायची, अंघोळी घालायची. सुई मात्र टोचायची नाही, तो मान दुसऱ्यांचा. तान्या दारोदार सांगत होती, "मी निवडून आले, तर बाहेरून शिकून आलेल्या नर्सेसना परीक्षेला बसू द्यायचा कायदा आधी मांडीन." आयव्हीने नर्सिंगची जुनी पुस्तकं बेसमेंटमधून वर आणली होती.

आणि पास्कल? काय सांगू त्याचा उत्साह! बर्फ पडला की आधी मला झटकायचा, मग फावड्याने ड्राइव्हवे शोव्हल करायचा. आमचं धरून चर्चमधल्या आमच्या माणसांची नऊ घरं; उरलेल्या आठांपुढे माझ्या आठ बहिणी त्यानेच रोवल्या. शेजारच्या पोरांनी एकदा मला पाडलं, तर त्यांच्या बापाशी भांडून आला. मला वाटायचं, असा धनी भाग्यानेच मिळतो.

मग मतदानाचा दिवस उजाडला. आयव्हीने आधीच अॅडव्हान्स पोलमध्ये मत दिलं होतं, कारण त्या दिवशी तिची डबल शिफ्ट होती. मतदान होतं रस्त्यापलीकडच्या शाळेत. शाळेचं दार माझ्या अगदी समोर. मी सकाळपासून त्या दारावर डोळे लावून बसले.

दहा वाजता मित्र एल्टन व्हॅन घेऊन आला. पास्कल मोठी कढई उचलून बाहेर.

"अरे, मत देऊन आलास का?" एल्टनने विचारलं.

"सकाळीच! तू?"

"मी पण सकाळीच. चल, दीडशे माणसांचे फुगे तळायचे आहेत. तान्या जिंकून हॉलवर आली आणि जेवण तयार नसलं, तर वसईचं नाक कापलं जाईल."

खोटं! दोघांचंही खोटं! सकाळपासून दोघांतला एकही त्या दारात गेला नव्हता. 'मतदान काय, रात्रीपर्यंत आहे. आपली मतं तर ठरलेलीच,' असं प्रत्येकाच्या मनात. कढया गेल्या, फुग्यांचं, म्हणजे आमच्या वसईच्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ गेलं, मटणाची पातेली गेली, नऊ घरांतली बायामाणसं गेली. शाळा चालत दोन मिनिटांवर, पण कुणाला दोन मिनिटं नव्हती. अंधार पडला. शिपायाने दार ओढून घेतलं. तारेच्या पायांनी चालता येत नाही मित्रांनो, नाहीतर मी एकेकाला कॉलर धरून नेलं असतं.

पास्कल हॉलवरून परतल्यावर आयव्हीने त्याला विचारलं, "दिलंस ना मत?"

"म्हणजे काय! देऊन आलो," पास्कल म्हणाला.

तान्या चौदा मतांनी पडली.

आमची रवानगी गॅरेजमध्ये झाली. नऊ जणी एकावर एक. तिथे एकीने सांगितलं, "माझ्या घरातली दोन मतं गेलीच नाहीत." दुसरी म्हणाली, "माझ्या घरातली तीन." बेरीज एकवीस झाली. आणि वर पास्कल दर रविवारी पाहुण्यांना सांगायचा, "गोरे लोक आपल्याला मत देत नाहीत हो!" माझ्यावर विंटर टायर रचले गेले. काळं पाणी तान्याच्या नावावरून ओघळलं. आयव्हीची पुस्तकं पुन्हा बेसमेंटमध्ये गेली. म्हाताऱ्यांना उचलून उचलून तिची कंबर गेली.

साडेतीन वर्षं अशी गेली. मग परवा फोन आला. तान्याच. "भावजी, मी परत उभी राहतेय. जुन्या पाट्या आहेत ना? त्याच लावू."

पास्कलने टायर हलवले, मला बाहेर काढलं, फडक्याने पुसू लागला. मित्रांनो, मला पुसून काय उपयोग? पाटी जपू नका. पाटीवर जिचं नाव आहे, तिच्यासाठी उठून दोन मिनिटं चाला. आम्ही नुसत्या उभ्या राहतो, मत तुम्हालाच द्यावं लागतं.

मुलगी डॅफ्नी दारात उभी होती. यंदाच अठराची झालेली.

"डॅड, डोन्ट बॉदर. आय अॅम नॉट व्होटिंग."

"अगं, मावशी आहे तुझी!"

"सो? यू सेड इट युअरसेल्फ. दे नेव्हर व्होट फॉर अस. व्हॉट्स द पॉइंट?"

पास्कलच्या हातातलं फडकं थांबलं. तेवढ्यात शिफ्ट संपवून आयव्ही आली, कंबरेवर हात ठेवून. तिने डॅफ्नीचं बोलणं ऐकलं होतं. "बरोबर बोलतेय पोरगी," ती थकून म्हणाली. "मी तरी कुणाच्या भरवशावर परत पुस्तकं उघडू?"

पास्कलने मला भिंतीला टेकवलं. लेकीकडे नाही, बायकोकडे बघत तो म्हणाला, "आयव्ही, गोऱ्यांचं सोड. त्या दिवशी मीच मत दिलं नाही. दिवसभर हॉलवर फुगे तळत राहिलो, आणि घरी येऊन तुझ्याशी खोटं बोललो."