रोडका, थकलेला, रोगी

बहात्तरच्या दुष्काळात धारूरच्या खाली, ओढ्याकाठच्या माळावर सोसायटीची गुरांची छावणी पडली होती. तिथं बुळकांडीची साथ शिरल्याची कुणकुण लागली, आणि पेंड पाठवणाऱ्या परदेशी संस्थेनं आपला जनावरांचा डॉक्टर धाडला. त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं. तालुक्याचा दुभाषा आलाच नाही, म्हणून चेअरमन अर्जुनरावांनी शाळेतून आसाराम गुरुजींना बोलावून घेतलं.

डॉक्टरनं आधी पद्धत सांगितली. जनावरं शेकडो, एकेक तपासायला वेळ नाही, म्हणून मालकाला विचारून खूण करायची. जनावर थिन असेल, म्हणजे नुसतंच रोडकं, तर खूण नाही, चारा चालू. वीक असेल, उठताना पाय कापत असतील, तर शिंगाला हिरवा रंग आणि दुप्पट पेंड. सिक असेल, अंगात रोगच असेल, तर लाल रंग, आणि लगेच ओढ्यापलीकडे. पलीकडे ना सावली, ना टँकर. लाल म्हणजे गेलंच.

गुरुजींनी वर्गात हे तिन्ही शब्द एका दमात उरकले होते. सगळ्यांचा अर्थ अशक्त, घ्या लिहून. आता एकेका शब्दावर एकेक जीव टांगला होता. परवाच सप्ताहात बुवांनी दीन, क्षीण आणि हीन यांवर तासभर निरूपण केलं होतं. "दीन हात पसरतो, क्षीण झिजतो, हीन मनानं उतरतो. बाहेरून तिघं सारखेच दिसतात, माउली. जवळ जाऊन विचारावं लागतं." गुरुजी तेव्हा टाळ धरून मागं उभे होते. ते सुखानं डोलले होते.

पण विचारायचं तर इथं वेगळीच अडचण होती. परक्या माणसानं जनावराची चौकशी केली की नजर लागू नये म्हणून धडधाकट बैलालाही आजारीच म्हणायचं, ही इथली रीत. रांगेत जो तो तेच म्हणत आला. गुरुजी डोळ्यांनी बघून थिन नाहीतर वीक सांगत आले. शेवटी आजारी म्हणजे सिक, हे डॉक्टरच्याही कानात बसलं. आता कुणी आजारी म्हटलं की त्याचा हात लाल ब्रशकडं जायचा आणि तो गुरुजींकडं संशयानं बघायचा.

कौशल्याबाईची दावण आली. तिचा नवरा धर्मराज रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला होता. बैलजोडी होती म्हणून मुकादम या दोघांना ऊसतोडीला गाडीवर घेत असे. जोडी फुटली तर हंगाम बुडाला, एवढं सरळ होतं. हौशा बैलाच्या बरगड्या मोजता येत होत्या. दुसरा, पाखऱ्या, अंगानं बरा दिसत होता. कौशल्याबाई त्याला पाठीशी घेऊन उभी होती. मधूनच मागं हात नेऊन पदरानं त्याचं नाक पुसत होती.

डॉक्टरनं हौशाकडं बोट केलं.

"काय सांगावं गुरुजी," ती म्हणाली, "लई आजारी हाय."

ब्रश वर गेला. लाल रंगाचा थेंब मातीत पडला.

"अवं, थिन म्हणा की," अर्जुनराव कानाशी पुटपुटले. "कावून गप बसले?"

गुरुजींनी हात आडवा धरला. थिन म्हणणं सोपं होतं. पण खरंच रोग असला तर? सगळ्या छावणीचं काय?

ते पुढं झाले. "कौशल्याबाई, माझी गाय त्या टोकाला उन्हात हाय. आणून हौशाच्या शेजारी बांधू का? एकाच टोपल्यात खाऊ द्या दोघांना."

"बांधा की," ती लगेच म्हणाली. "त्याला काय धाड भरलीय? उपाशी हाय निस्ता."

मागची माणसं हसली. "आत्ता मरणार होता की बे," कुणी तरी म्हणालं.

गुरुजी हसले नाहीत. त्यांची नजर तिच्या पदराच्या ओल्या टोकावर गेली होती. "आणि पाखऱ्याच्या शेजारी?"

ती पाखऱ्याला आणखी खेटली. डॉक्टर घड्याळ बघू लागला. अर्जुनरावांनी खाकरून डोळ्यांनी तिला खुणावलं. पदर तिच्या मुठीत आवळला गेला.

"तिथं नका बांधू, गुरुजी."

ती बाजूला सरली. पाखऱ्याच्या नाकातून पाणी गळत होतं, डोळे तांबडे झाले होते, मागं शेण पाण्यासारखं पडलं होतं. ते बघून माणसं दोन पावलं मागं हटली.

"थिन," गुरुजी हौशावर हात ठेवून म्हणाले. मग त्यांनी पाखऱ्याकडं बोट केलं. "सिक."

डॉक्टरनं पाखऱ्याचं तोंड उघडून बघितलं, मान हलवली आणि शिंग रंगवलं.

तो पुढच्या दावणीकडं गेल्यावर अर्जुनराव तिच्याजवळ आले. "कावून सांगितलं गं? त्या गोऱ्याला तुझ्या हौशाबिगर काय दिसत नव्हतं. आता गाडीला काय जुंपणार?"

"गुरुजींची दुभती गाय हाय, मालक," ती दावं सोडत म्हणाली. "बांधा कशी म्हणू?"

तिनं पाखऱ्याला ओढ्याकडं चालवलं. हौशा खुंट्याशी वळून हंबरला. टँकरजवळ गुरुजींच्या गायीच्या वाटणीची बादली भरून ठेवली होती. गुरुजींनी ती उचलली, आणि पुढच्या दावणीवरून डॉक्टर हाका मारत असतानाही तिच्या मागोमाग ओढ्यात उतरले.