न दुखणारी दाढ

मित्रांनो, मी एक जुना इम्प्लांट आहे. पडलेल्या दाताच्या जागी हाडात बसवतात तो धातूचा स्क्रू. त्यातही मी आखूड, तांदळाच्या दाण्याएवढा.

माझे मालक वायरमन. दाढेखाली वायरी सोलून सोलून त्यांनी वरची दाढ गमावली. दुसऱ्या बाजूच्या दाढा तर आधीच गेल्या होत्या. डॉक्टरीणबाई एक्स-रे पाहून म्हणाल्या, "काका, वर नाकात उघडणारी सायनसची पोकळी आहे, खाली हाड जेमतेम. लांब स्क्रू आरपार जाईल. हाड भरायचं मोठं ऑपरेशन तुमच्या हृदयाला झेपणार नाही. आखूड बसवते, पण याच्यावर वायर आणायची नाही."

"कानाला खडा!" मालक म्हणाले.

हाडाने मला घट्ट धरले. माझ्यावर दाढ चढली आणि मालक पुन्हा चावून जेवू लागले. मालकीणबाई समोर बसून कौतुकाने बघत. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असे मलाही वाटू लागले.

पण जित्याची खोड! एकदा मालक शिडीवर, एक हात अडकलेला आणि पक्कड खाली पिशवीत. त्यांनी वायर दाढेखाली धरून ओढली. मी हादरलो. खऱ्या दाताने जीवघेणी कळ मारली असती. मला दुखताच येत नाही.

"अगं, ही दाढ दुखतच नाही! पहिलीपेक्षा भारी!" मालक घरी येऊन म्हणाले.

"अहो, दुखत नाही म्हणून काय हातोडा मारून बघणार?"

मालकांनी ते हसण्यावारी नेले. मग रोजच तसे चालू झाले. माझ्याभोवतीचे हाड विरत गेले आणि मला फार भीती वाटू लागली. हिरडीतून रक्त आले, तरी मालक नुसत्या गुळण्या करत राहिले. डॉक्टरीणबाई रागावतील, ही त्यांची धास्ती.

शेवटी काल पाणी पिताना मी निखळलो. मागोमाग पाणी मालकांच्या नाकातून वाहू लागले.

"दुसरा बसवा," आज दवाखान्यात मालक म्हणाले.

"कशात बसवू, काका? हाडच उरलं नाही. आता ते भोक तेवढं शिवते."

मालकांनी ट्रेमधल्या माझ्याकडे पाहिले. "एकदा तरी दुखायचं होतंस रे," ते म्हणाले. मालकीणबाई शेजारीच उभ्या होत्या. यापुढे घास कुस्करून द्यायचा होता तो त्यांना. त्या काहीच बोलल्या नाहीत.

मित्रांनो, ओरडणाऱ्याकडे सगळेच धावतात. मुकाट्याने सोसणाऱ्यालाही कधी विचारा, आणि तो सुटून पडण्याआधी विचारा.