चौदा काळे ठिपके

डॉक्टर प्रतिभाताईंच्या ओमचं जावळ काढलं त्या वर्षी, म्हणजे १९९३ साली, मी नाशिकला त्यांच्या दवाखान्यात आले. मित्रांनो, मी पोटात उतरणारी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या लांब काळ्या नळीत केसाहून बारीक काचेचे तंतू आहेत. एक तंतू तुटला की चित्रात एक काळा ठिपका पडतो, तो कायमचा.

१९९७ साली मखमलाबादच्या नवसाबाई आल्या. अन्न जात नव्हतं, अंग झडलं होतं. त्यांच्या पोटात मला एक जाड, सुजलेली घडी दिसली. माझ्यातून चिमटा घालून ताईंनी तिचा तुकडा घेतला. त्यात काही निघालं नाही. घरचे खूश झाले. मला चैन पडेना. मला वरचं अस्तर दिसतं, खालचं दिसत नाही. ताईंनाही खात्री वाटेना; त्यांनी नवसाबाईंना पुन्हा बोलावलं.

"आता नाय," नवसाबाई म्हणाल्या. "तुकडा काढला का रोग पसरतो म्हणता लोकं."

"तसं होत नाही, मावशी. वरून बरा दिसला म्हणून कांदा न दाबता साठवायला चाळीत भरता का तुम्ही?"

"जा गं," त्यांचे मालक कोंडाजी म्हणाले. "घरी माझं डोकं खाती, इथं ती नळी खा."

त्यांनी ती खरोखरच खाल्ली. घाबरून, नळी चावली जाऊ नये म्हणून दातांत धरायला दिलेलं तोंडातलं कडं जिभेनं ढकललं आणि मला कडकडून चावल्या. चौदा ठिपके पडले. तरी चिमटा त्याच जागी पुन्हा पुन्हा, खोल गेला आणि रोग सापडला. लिम्फोमा, पांढऱ्या पेशींचा कर्करोग. सोबत पोटातले जंतूही सापडले.

"पोट काढावं लागंल का?" नवसाबाईंनी विचारलं.

"आधी गोळ्यांनी जंतू मारू. त्यानं गाठ विरली तर पोट वाचेल. पण मला परत परत बघावं लागेल."

दर तीन महिन्यांनी त्यांच्याच दातांच्या ठिपक्यांमधून मी ती घडी शोधायचे. नेमका एखादा ठिपका तिच्यावर यायचा आणि माझा जीव खालीवर व्हायचा. चौथ्या खेपेला ती जागा सपाट दिसली. तुकडेही स्वच्छ आले.

"गेली का?"

"आज तरी गेली. तारखेला या."

२००३ साली पडद्यावर चित्र दाखवणारी नवी दुर्बीण आली आणि मला कपाटात टांगलं. नवसाबाईंचा आवाज तेवढा ऐकू यायचा. "ती जुनी कुठंय? चावले म्हणून रुसली का?"

मित्रांनो, तोंडातलं कडं सोडू नका. दुखणं थांबलं तरी तारीख चुकवू नका. आणि शंका असेल तर एकदा बघून थांबू नका.

नवसाबाईंच्या शेवटच्या तपासणीतही पोट स्वच्छ होतं, असं दवाखान्यातले सहादूभाऊ कपाट पुसताना म्हणाले. मी स्वतः बघितलेलं नाही. नवसाबाई दम्यानं वारल्या, १२ फेब्रुवारी २००८ रोजी.