मयताचा श्वास

"काय झालं?" टीव्हीवरची नजर न हलवता बायकोने विचारलं.

"सुटला मुकादम," चपला काढत तो म्हणाला. "पुरावा नाही म्हणे. सोबतचे दोघंही उलटले. लिफ्ट कोणी चालू केली ते पाहिलंच नाही म्हणाले."

"आणि तुम्ही?"

"मी काय करणार? जज्जसाहेबांनी विचारलं, समजलं का. बरं म्हणालो."

त्या 'बरं'ची त्याला रस्ताभर शिसारी येत होती. मुलगा दुरुस्तीला लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असताना मुकादमाने वरून बटण दाबलं, त्याला दोन वर्षं झाली. पोरगा सव्वीस वर्षांचा होता. दोन वर्षं दोघांनी आजच्या तारखेवर जीव टांगून ठेवला होता, आणि निकाल वाचायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

टीव्हीवर तोच जुना हिंदी सूडाचा सिनेमा लागला होता. मुलानेच तो पेनड्राइव्हवर घालून दिला होता. तरुणपणी त्याने स्वतः ह्यात काम केलं होतं; काम एवढंच, की हिरोच्या थोरल्या भावाचं प्रेत व्हायचं. मुरलेली माणसं असल्या कामाला आधी श्वास सोडून देतात आणि मग पडतात. हा नवखा, छाती गच्च भरून पडला. हिरोची शपथ काही संपेना, आणि मयताने सगळ्यांदेखत श्वास घेतला. कोणाच्या लक्षात आलं नाही, शॉट पास झाला.

सिनेमा लागला तेव्हापासून गल्लीत त्याचं नाव 'मयत' पडलं. "मयत, पाणी आलं का हो?" असं लोक खुशाल विचारायचे. मुलगा तर मित्रांना जमवून नेमका तोच तुकडा दाखवायचा. म्हणायचा, "बघा, आमचे बाबा मेले तरी ऐकत नाहीत."

मुलगा गेला आणि ती हाक बंद झाली. शवागारात चादर बाजूला केली, तेव्हा हा पोराच्या छातीकडेच बघत राहिला होता. "ओळखलंत ना?" असं तिथल्या माणसाला दोनदा विचारावं लागलं.

"तुम्ही खोटंखोटं मेलात," बायको म्हणाली, "तर तुमच्यासाठी त्या हिरोने सात माणसं मारली."

"सिनेमा आहे गं तो."

"माहितीय मला."

"बंद कर. शेवट पाठ आहे आपल्याला."

"शेवट कोण बघतंय?"

तिने रिमोटने चित्र मागे नेलं. पडद्यावर सव्वीस वर्षांचा एक तरुण डोळे मिटून आडवा होता. तेच कपाळ, तीच जुळलेली भुवई. पोरगा बापाच्या तोंडवळ्यावर गेलाय, असं मुलाच्या बारशापासून सगळे म्हणत आले होते. छाती हळूच वर झाली. तिने पुन्हा मागे नेलं. ती सकाळपासून हेच करत बसली होती, हे आता कुठे त्याच्या ध्यानात आलं.

तो तिच्याशेजारी बसला.

"थांबा," ती म्हणाली. "घेईल आता."