अळणी घास

माझ्या कढईपाशी उभं राहून कुणी केरीनला वेडी म्हटलं, तर त्याला मी मासा देत नाही. आमच्या बेटावरच्या ओल्ड हार्बर बे गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी जीभ तिखट आहे म्हणतात. म्हणू देत.

केरीन माझ्या बहिणीची मुलगी. बहीण इंग्लंडला गेली ती तिकडचीच झाली. केरीन आणि तिचा थोरला भाऊ ऑरव्हिल, दोघांनाही माझ्या पदरात टाकून गेली. मी त्यांना वाढवलं, आणि कुणावर उपकार म्हणून नाही.

केरीनला आजार आहे. काही दिवस ती झोपतच नाही, बोलत सुटते, आख्खं बेट विकत घेईन म्हणते. मग खाली येते ती इतकी, की उठून तोंडसुद्धा धुववत नाही. चर्चमधल्या बायका म्हणाल्या, कुणीतरी करणी केली. मी म्हटलं, "करणी करणाऱ्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही वाटतं? या मासेवालीच्या घरातून त्याला काय मिळणार, काटे?"

ऑरव्हिल रास्ता पंथाचा. जटा कमरेपर्यंत आलेल्या. त्याच्या लोकांत जटा म्हणजे देवाला दिलेला शब्द, त्याला कात्री लागत नाही. एका दुपारी तो अंगणात झोळीत झोपला होता आणि केरीननं माझ्या मासे कापायच्या कात्रीनं त्या सगळ्या कापून टाकल्या. तिला वाटत होतं, जटांमध्ये तारा आहेत आणि त्या तारांवरून कुणीतरी तिच्या भावाला हुकूम सोडतंय. "मी तुला सोडवलं रे, ऑरव्हिल! सोडवलं!" असं म्हणत टाळ्या पिटत होती पोर.

तो उठला. डोक्यावरून हात फिरवला. सगळे केस एका पोत्यात भरले आणि डोंगराकडे चालू लागला. एक शब्द बोलला नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

केरीनला पोलिसांनी किंग्स्टनच्या इस्पितळात नेलं. परत आली ती लिथियमच्या गोळ्या घेऊन. नर्स पिनॉक दोन-तीन महिन्यांनी, मी दुकानावर असताना, घरी येऊन तपासून जायची, रक्त न्यायची. आणि खरं सांगते, माझी पोर मला परत मिळाली. दुकानावर उभी राहून ओरडायची, "मासा ताजा, मावशी शिळी! या, या!" गिऱ्हाईकं हसत हसत दोन मासे जास्त नेत.

शुद्धीवर आल्यावर आपण काय केलं ते तिला सगळं आठवत होतं, हेच वाईट. डोंगरावरून कुणी रताळी विकायला आलं की विचारायची, "माझा भाऊ दिसतो का हो तुम्हाला? काय म्हणतो?" तो काहीच म्हणत नसे. तीन नाताळ गेले. तिनं त्याच्यासाठी केलेला केक मीच खाल्ला.

आणि एक दिवस आला तो. खांद्यावर सुरणाचं पोतं, जटा मानेपर्यंत वाढलेल्या. केरीन कढईमागे लपली.

"बाहेर ये," तो म्हणाला. "कात्री नाही ना हातात?"

ती हसली आणि ढसाढसा रडली. तोही रडला. मी दोघांवर ओरडले, की माझा मासा करपतोय.

ऑरव्हिलचा गोळ्यांवर विश्वास नव्हता. सरकारी विष म्हणायचा. मी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं, "गोळीला हात लावलास तर या झाऱ्यानं हात भाजीन."

"नाही लावणार, मावशी. शप्पथ. पण हिचं जेवण मी करीन. तुझ्या तळणानं पोरीचं शरीर सडलंय."

"सडलेलीला एवढं गोड हसता येतं होय रे?"

पण मी मान्य केलं. त्याच्या पंथात मीठ चालत नाही. मिठानं शरीर मरतं, म्हणतात. कोवळा पाला, लाल भोपळा, सुरण, नारळाचं दूध, सगळं अळणी. मिठाच्या भांड्यातलं तो खात नाही, मिठाच्या ताटाशेजारी बसतसुद्धा नाही. मी एक घास घेतला आणि थुंकला. "हा चारा तुझा तूच खा," म्हटलं. केरीननं मात्र माझा तळलेला मासा बाजूला सारला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. फणसाच्या सावलीत, एकाच वाडग्यात, दोघं. लहानपणी बसायची तशी. मी कढईपाशी उभी राहून बघायची आणि मनात म्हणायची, देवा, आता मला काही नको.

गोळी मी रोज स्वतः तिच्या जिभेवर ठेवत होते. आमचं दोघांचं सगळं लक्ष त्या गोळीवर. तिकडे काही चुकलं नाही.

तीन-चार आठवड्यांत तिच्या हातातला कप थरथरायला लागला. मग उलट्या, जुलाब. ऑरव्हिल म्हणाला, "शरीर घाण बाहेर टाकतंय. होईल बरी." मी नारळपाणी पाजत राहिले. एका सकाळी दुकानावर ती दारू प्यायल्यासारखी चालत आली. हाक द्यायला तोंड उघडलं तर शब्द जाड होऊन अडकले. एक जण हसला, "काय केरीन, सकाळी सकाळीच?" आणि ती माझ्या पायाशी कोसळली.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं विचारलं, "गोळ्या जास्त घेतल्या का हिनं?"

"एक जास्त नाही," मी म्हटलं. "माझ्या हातानं देते."

"मग खाण्यात काही बदल?"

ऑरव्हिल पुढे झाला. छाती काढून म्हणाला, "चांगला बदल, डॉक्टर. शुद्ध खाणं. मिठाचा कणसुद्धा नाही. मी स्वतः रांधतोय."

डॉक्टरीण त्याच्याकडे बघतच राहिली. मग हळू आवाजात बोलली. ही गोळी मिठाच्याच जातीची. शरीराला मीठ मिळेनासं झालं की ते मिठाबरोबर या औषधालाही धरून ठेवतं, बाहेर जाऊ देत नाही. ते रक्तात साठत जातं. मग रोजचीच गोळी विष होते.

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही का हे?" तिनं विचारलं.

ऑरव्हिल भिंतीला टेकला आणि घसरत खाली बसला.

यंत्रावर रक्त धुतलं, पोर वाचली. पण मेंदूचा जो भाग तोल सांभाळतो तो दुखावला गेला. चालताना धरावं लागतं. हात कापतात, जीभ जड झाली. थोडं सुधारेल, फार आशा ठेवू नका, असं सांगितलं. ती गोळी बंद झाली. नव्या गोळीनं दिवसभर झोपून असते. दुकानावर आता मी एकटीच ओरडते, आणि माझ्या ओरडण्यानं कुणी हसत नाही.

ऑरव्हिल परत डोंगरावर गेला.

नर्स पिनॉक घरी आली तेव्हा मी तिच्यावर धावूनच गेले. "तोंड शिवलं होतं का तुमचं? मिठाचं का नाही सांगितलंत?"

तिचे डोळे भरले. "मिस मर्ल, दर खेपेला सांगत होते हो. मीठ तोडू नकोस, उन्हात पाणी पी. तिला पाठ होतं. मी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणून दाखवायची."

मी केरीनच्या उशाशी गेले. "तुला माहीत होतं?"

तिनं होकाराची मान हलवली.

"मग का खाल्लंस, मेले? का?"

शब्द जुळवायला तिला खूप वेळ लागला. "तो... जवळ... बसला... ना." आणि मग माझं मनगट धरून, "त्याला... नको... सांगू."

नाही सांगितलं मी. डोंगर चढून गेले तेव्हा एवढंच म्हटलं, "ती तुझी वाट बघतेय. स्वतःला काय शिक्षा करायची ती खाली येऊन कर." तो आला. वाळला होता अगदी.

स्वयंपाक त्यानंच केला. भोपळा, नारळाचं दूध. मीठ दोनदा मोजून घातलं. तिला उशीला टेकवून बसवलं, चमचा तोंडाशी नेला. तिनं चाखलं आणि विचारलं, "मीठ?"

"हो गं. घातलंय. आता रोज घालणार."

तिचा चेहरा पडला. तोंड भिंतीकडे फिरवून म्हणाली, "मग... तू... नाही जेवणार... माझ्याबरोबर."

चमचा तसाच हवेत राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मावशी, हिला ठाऊक होतं?"

मी खोटं बोलू शकले असते. मला रडूच आवरेना.

मग तोच चमचा त्यानं स्वतःच्या तोंडात घातला. त्याच्या जिभेला मिठाची सवय राहिली नव्हती, घास त्याला गिळवेना. तोंडावर हात दाबून गिळला त्यानं, डोळ्यांतून धारा लागलेल्या. दुसरा चमचा तिला दिला, तिसरा पुन्हा स्वतः घेतला.

केरीन त्याच्याकडे बघून हसत होती. आता तिचं हसूही एका बाजूनंच येतं.