यादीतला सातवा

मी राउटर बोलतोय. कपाटाच्या डोक्यावर बसून हिरवे दिवे मिचकावतो ना, तोच! इंटरनेट गेलं की सगळ्यांना माझी आठवण येते, तीही दोन चापट्या मारण्यापुरती.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला, पण ते फारसं आठवत नाही. डोळे उघडले ते या घरात. इथे शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात. पूर्वी त्यांचे आजारी वडीलही होते. वर्षापूर्वी ते गेले, तेव्हा ताईंनी त्यांची खोली गिऱ्हाईक बायकांना कपडे घालून बघण्यासाठी केली. पडदा लावला, मोठा आरसा आणला. बाबांचं टेबलावरचं घड्याळ मात्र तिथेच राहू दिलं.

मी जात्याच भोचक. घरातली कोणती वस्तू बाहेर कुठे निरोप धाडते, केवढा धाडते, सगळं मला ठाऊक. पाकिटं बंद असतात, त्यामुळे आतलं वाचता येत नाही. पण कोण कोण पाठवतं याची यादी माझ्यापाशी असते. ती बघायला कधी कुणी फिरकलं नाही.

परवा ताईंची भाची राहायला आली. तिने फोन जोडला आणि सहज माझी यादी उघडली. मी तर हरखलोच!

"मावशी, तुझ्या वाय-फायवर सात जण आहेत."

"सात? अगं, घरात तर आपण दोघीच!"

मग मोजणी झाली. दोघींचे फोन, टीव्ही, दारावरची घंटा, शिवणखोलीतला दिवा, गाणी लावणारा बोलका डबा. झाले सहा. सातव्याला नावच नव्हतं, नुसते आकडे.

"शेजारचं कुणीतरी फुकट वापरत असेल," ताई म्हणाल्या. "पासवर्ड बदलून टाक."

"तसा तो जाईल गं, पण कोण होता ते कळणार नाही. आपण एकेक वस्तू बंद करू. जी बंद केल्यावर सातवा गळेल, तीच ती."

ताईंना धीर कुठला! त्यांनी तरातरा जाऊन घराचा मेन स्विचच पाडला. घ्या! माझाही जीव गेला आणि यादीही गेली. पुन्हा शुद्धीवर आलो तेव्हा दोघी पोट धरून हसत होत्या.

मग रीतसर शोध सुरू झाला. टीव्ही काढला, एक कमी. दिवा, घंटा, डबा, सगळे गळले. दोन फोन उरले आणि तो सातवा. भाची पडद्यामागे गेली.

"ते बाबांचं घड्याळ आहे गं, त्याला कशाला हात लावतेस?"

तिने प्लग उपसला. सातवा गळला. घड्याळाच्या आकड्यांच्या वर बारीक काळा ठिपका होता. तो कॅमेरा होता.

घड्याळ त्यांच्या धाकट्या भावाने स्वतः आणून लावलेलं. त्याला फोन लावला.

"ताई, बाबा अंथरुणावर होते ना, लांबून दिसावेत म्हणून ठेवलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, माझ्यावर भरवसा नाही म्हणून. शपथ सांगतो, बाबा गेल्यापासून एकदाही उघडलं नाही."

"तू उघडलं नाहीस. मग वर्षभर ते कुणाला दाखवत होतं?"

घड्याळाच्या कंपनीकडे काय साठलं, कुणी पाहिलं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

"मावशी, कुणाला कळणारसुद्धा नाही," भाची हळूच म्हणाली.

"मला कळलंय ना! बायका माझ्या भरवशावर त्या पडद्यामागे जातात." ताईंनी मापांची वही उघडली आणि पहिला नंबर लावला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "माझं कापड तसंच परत द्या."

"देते," ताई म्हणाल्या. डोळे पुसून त्यांनी दुसरा नंबर लावला.

वहीत त्रेचाळीस नावं आहेत. त्या अजून फोन करताहेत.

तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याची यादी एकदा उघडून बघा हो! आम्ही आपणहून तोंड उघडत नाही. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. पण हे कारण आता माझं मलाच पटत नाही. पडद्यामागे कुणी उभं राहिलं की घड्याळाची पाकिटं जाड व्हायची, आणि वर्षभर ती मीच पोचवत होतो.